डोंगरवाटेवरची सायकल: वाट झेपेल की नाही, हे आधी कसे ओळखावे?

आपल्या वऱ्हाडात सायकल हे कालपरवापर्यंत दूधवाल्याचे, पोस्टमनचे आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरांचे वाहन होते. आता ते व्यायामाचे साधन झाले आहे. अमरावतीला छत्री तलावाच्या रस्त्यावर किंवा अकोल्याला बाळापूरच्या बाजूला सकाळी जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन निघालेली चाळिशी-पन्नाशीची मंडळी दिसतात. ही आनंदाची गोष्ट आहे. साखर आणि रक्तदाब काबूत ठेवायला सायकलइतका स्वस्त आणि गुडघ्यांना सोसणारा व्यायाम क्वचितच सापडेल.

मात्र सपाट रस्त्यावर वर्षभर सायकल चालवली की डोंगर खुणावू लागतो. कोणी चिखलदऱ्याचा बेत करतो, कोणाला नरनाळ्याकडे जायचे असते, कोणाचा मुलगा पुण्याहून किंवा परदेशातून फोन करून सांगतो, "बाबा, या, इथे डोंगरात खास सायकलसाठी वाटा केल्या आहेत." मग दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टर, वीस किलोमीटरचीच वाट आहे, मला झेपेल ना?"

या प्रश्नातच खरी गोम आहे. वाट किती किलोमीटरची, एवढ्यावरून ती झेपेल की नाही हे सांगता येत नाही. सपाट डांबरी रस्त्यावरचे वीस किलोमीटर म्हणजे तासाभराची रपेट. दगडगोट्यांच्या चढावरचे वीस किलोमीटर म्हणजे अख्खा दिवस, आणि कदाचित प्लास्टरमधला हात. वाटेची अवघडता चार गोष्टींवर ठरते: एकूण चढ किती, पायाखालची जमीन कशी, वाटेतली सर्वांत वाईट जागा कोणती आणि मधूनच परत फिरता येते का. या चारही गोष्टी घर सोडण्यापूर्वी बऱ्याच अंशी कळू शकतात. त्या कशा काढायच्या, ते आज पाहू.

रंगांचे फलक काय सांगतात?

डोंगरात चालवायची सायकल हा प्रकार १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डोंगरांवर रुजला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून त्याच्या शर्यती ऑलिंपिकमध्येही होऊ लागल्या. पुढे बऱ्याच देशांत फक्त सायकलसाठी आखलेल्या वाटांची केंद्रे निघाली. तिथे प्रत्येक वाटेच्या तोंडाशी रंगाचा फलक असतो. ब्रिटनमध्ये हिरवी वाट सर्वांत सोपी, मग निळी, मग तांबडी आणि काळी सर्वांत अवघड. अमेरिकेत आणि कॅनडात हिरवे वर्तुळ, निळा चौकोन, काळी चौकट आणि दोन काळ्या चौकटी अशा चढत्या खुणा आहेत. तिथे मधली तांबडी पायरी सहसा नसते. त्यामुळे एका देशात 'निळी वाट जमली' म्हणून दुसऱ्या देशातल्या निळ्या वाटेवर डोळे झाकून जाऊ नये.

या खुणांमागे मोजमाप असते. १९८८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन या संस्थेने दिलेले निकष आपल्यालाही उपयोगी आहेत. हिरव्या वाटेची रुंदी सुमारे ९० सेंटिमीटर किंवा जास्त, सरासरी चढ शंभराला पाचपर्यंत, आणि टाळता न येणारा अडथळा ५ सेंटिमीटरपर्यंतच, म्हणजे तीन बोटे उंचीचा. निळ्या वाटेची रुंदी ६० सेंटिमीटरपर्यंत उतरते, सरासरी चढ शंभराला दहापर्यंत जातो आणि अडथळा २० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे घराच्या पायरीएवढा असू शकतो. काळ्या वाटेची रुंदी ३० सेंटिमीटरपर्यंत, जेमतेम दीड वीत. तिथे सरासरी चढ शंभराला पंधरापर्यंत आणि अडथळा सुमारे ३८ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे गुडघ्याच्या जरा खाली येणारा धोंडा. 'शंभराला पाच' याचा अर्थ शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर चढणे, एवढे लक्षात ठेवावे.

हे आकडे वाचून एक गोष्ट ध्यानात यावी. रंग प्रामुख्याने कौशल्याबद्दल बोलतो, दमाबद्दल कमी. हिरवी वाटही चाळीस किलोमीटर लांब असली तर थकवून सोडते. शिवाय रंग कोरड्या, चांगल्या दिवसाचा असतो. काल रात्री पाऊस पडला असेल तर फलक बदलत नाही, वाट मात्र बदललेली असते.

आपल्या मेळघाटातल्या किंवा अकोल्याच्या आसपासच्या वाटांवर तर असे फलकच नाहीत. तिथे आपला फलक आपणच रंगवायचा आहे.

सरासरीवर विसंबू नका

पहिला हिशोब चढाचा. आपल्या ओळखीचा चिखलदराच घेऊ. परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण पावणेचारशे मीटरवर आहे आणि चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर. म्हणजे निव्वळ चढ सातशे मीटरच्या घरात. एक मजला तीन मीटरचा धरला तर हे सव्वादोनशेहून अधिक मजले होतात. लिफ्ट नसलेल्या सव्वादोनशे मजली इमारतीत जायचे आहे असे म्हटले की माणूस आपोआप गंभीर होतो. 'तीस किलोमीटर' म्हटले की होत नाही.

आता गंमत पाहा. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा सुमारे तीस किलोमीटर. सातशे मीटर चढ तीस किलोमीटरवर वाटला तर शंभराला सव्वादोन-अडीच असा उत्तर येतो. हा चढ तर सौम्य वाटतो. पण गढीपर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट आहे. समजा, त्यात बारा किलोमीटर गेले. उरलेल्या अठरा किलोमीटरवर सातशे मीटर चढ, म्हणजे शंभराला जवळपास चार. त्यातही काही पट्टे हलके असणार, म्हणजे काही वळणे याच्या दुप्पट उभी असणार. सरासरीने सांगितलेली वाट आणि पायांना लागलेली वाट यांत एवढा फरक पडतो. म्हणून कोणी वाटेची सरासरी सांगितली तर पुढचा प्रश्न विचारावा, "सर्वांत उभा चढ कुठे आहे, आणि तो किती लांब आहे?"

चढावर नवख्या माणसाचा वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो. म्हणजे वरच्या अठरा किलोमीटरलाच अडीच तास लागतील. सत्तर किलोचा माणूस पंधरा किलोची सायकल आणि सामान घेऊन सातशे मीटर वर गेला, तर नुसत्या त्या चढापायी त्याच्या शरीराला सहाशेच्या आसपास कॅलरी खर्चाव्या लागतात. कारण स्नायू आपल्या इंधनाचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतात आणि बाकीची उष्णता करतात. ही उष्णता घामावाटे बाहेर टाकावी लागते. पाणी आणि खाणे किती न्यायचे, याचा हिशोब इथून सुरू होतो.

एकूण चढाला एकूण किलोमीटरने भागावे, हा माझा अगदी ढोबळ आडाखा आहे. दर किलोमीटरला दहा मीटरहून कमी चढ आला तर वाट सौम्य. दहा ते वीस आला तर मध्यम. वीसच्या पुढे गेला तर डोंगराळ. मग वाट कच्ची असेल तर एक पायरी वर सरकवावी. चिखलदऱ्याचा आकडा वीसच्या पुढे जातो. रस्ता डांबरी असूनही तो डोंगराळच धरावा.

नकाशा वाचायला शिका

चढ कळणार कसा? भ्रमणध्वनीवरच्या नकाशात वाट आखली की चढउताराचा आलेख मिळतो. तो आलेख बघताना त्याचे टोक किती उंच हे न पाहता तो कुठे भिंतीसारखा उभा राहतो ते पाहावे.

ज्यांना आणखी खात्री हवी त्यांनी भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे बघावेत. ते २०१७ पासून विभागाच्या संकेतस्थळावर भारतीय नागरिकांना मोफत मिळू लागले. शाळेत भूगोलात शिकलेल्या समोच्च रेषा इथे कामी येतात. एकाला पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि डोंगराळ भागात दोन रेषांमध्ये बहुधा २० मीटरचे अंतर असते. ते नकाशाच्या तळाशी छापलेले असते, आधी पडताळून घ्यावे. आपल्या वाटेचा दोन सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा आणि तो किती रेषा ओलांडतो ते मोजावे. पाच रेषा ओलांडल्या तर एका किलोमीटरला शंभर मीटर, म्हणजे शंभराला दहाचा चढ. इतक्या चढावर सपाटीला सरावलेला माणूस बहुधा सायकलवरून उतरून ढकलत जातो. अशी ठिकाणे नकाशावर पेन्सिलीने खूण करून ठेवावीत.

चढ आधी आहे की उतार आधी, हेही त्याच वेळी पाहावे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना चढ आधी येतो. दम संपला तर सायकल वळवून खाली येता येते. पण चिखलदऱ्याला मुक्काम करून सेमाडोहच्या बाजूला सिपना नदीच्या खोऱ्यात उतरायचे ठरवले, तर सकाळी वाऱ्यासारखे खाली जाणे होते आणि दुपारी, उन्हात, थकलेल्या पायांनी तोच डोंगर चढून यावे लागते. उतार आधी असलेली वाट नेहमी एक पायरी अवघड धरावी. विहिरीत उतरणे सोपे असते, याचा हिशोब वर येताना द्यावा लागतो.

जमीन कोणती, महिना कोणता?

दुसरी गोष्ट जमिनीची. पूर्णाकाठच्या काळ्या मातीत ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला हे सांगायला नको. पावसाळ्यात पांदणीने सायकल नेली तर शंभर पावलांत माती टायरला चिकटून चाक फ्रेममध्ये अडकते. मग सायकल आपल्याला नेत नाही, आपणच तिला खांद्यावर नेतो. तीच जमीन मे महिन्यात भेगाळते आणि भेगेत पुढचे चाक गेले की माणूस थेट हँडलवरून पुढे पडतो. कोरड्या हिवाळ्यात ती फरशीसारखी टणक असते. म्हणजे एकच पांदण वर्षात तीन वेगवेगळ्या रंगांची होते.

सातपुड्याच्या उतारावर काळा दगड आणि मुरूम. मुरमाच्या उतारावर चाक घसरते, विशेषतः वळणावर ब्रेक दाबला तर. हिवाळ्याच्या शेवटी सागाची पाने गळून वाटेवर वीतभर थर बसतो. मोठाली पाने दगड आणि खड्डे झाकून टाकतात आणि वाट दिसते त्याहून गुळगुळीत वाटते. एखाद्याने ऑक्टोबरात काढलेले छायाचित्र पाहून आपण फेब्रुवारीत गेलो तर ती वाट ओळखू येणार नाही. म्हणून कोणी वाटेची हकीकत सांगितली की विचारावे, "तुम्ही कोणत्या महिन्यात गेला होता? त्याआधी पाऊस पडला होता का?" सांगणारा स्वतः किती सराईत आहे, हेही विचारावे. रोज घाट चढणाऱ्याचे 'सोपे' आणि आपले 'सोपे' एक नसते.

खरी परीक्षा उतारावर

लोक चढाला भितात. माझ्याकडे येणारी दुखापत मात्र बहुतेक उतारावरची असते. चढावर माणूस थांबतो, धापा टाकतो, फार तर परत फिरतो. उतारावर वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, आणि हाताची बोटे थकलेली असतात.

अकोल्याचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. वय ५२. मधुमेह निघाल्यावर त्यांनी सायकल धरली आणि दोन वर्षांत वजन आणि साखर दोन्ही खाली आणली. सपाटीवर चाळीस किलोमीटर सहज करत. मित्रांबरोबर डोंगरातल्या एका कच्च्या वाटेवर गेले. चढ त्यांनी हळूहळू पार केला, कोणाच्या मागे राहिले नाहीत. उतरताना मुरमावर चाक सरकले आणि ते उजव्या हातावर पडले. खरचटले, मनगट थोडे सुजले. बोटे हलत होती, म्हणून मोडले नसेल असे समजून तीन आठवडे बाम चोळत राहिले. माझ्याकडे आले तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जी लहानशी खळगी असते, तिथे दाबल्यावर कळ येत होती. त्या खळगीखाली होडीच्या आकाराचे एक बारीक हाड असते. ते तडकले होते. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे वेळेत आधार दिला नाही तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचे दुखरे राहते. त्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली आणि कित्येक महिने सायकल बंद राहिली. त्या काळात साखर पुन्हा वर गेली.

त्यांच्या दमात काही कमी नव्हते. वाट ठरवताना त्यांनी अंतर विचारले, चढही विचारला, पण उतारावर जमीन कशी आहे हे विचारले नाही, आणि मुरमाच्या उताराचा सराव त्यांना नव्हता. एवढ्या एका प्रश्नाची किंमत त्यांनी मोजली.

यातून वाचकांनी एक लक्षात ठेवावे. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर बोटे हलली तरी एक्स-रे काढावा. या हाडाची तडा पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दुखणे राहिले तर दहा ते चौदा दिवसांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासणी करावी, आणि तोवर मनगट आधारात ठेवावे.

आपला स्वतःचा गज

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाला १९१४ पासूनची परंपरा आहे. तिथल्याच काय, कुठल्याही आखाड्यात गेलात तरी वस्ताद नव्या पोराच्या हाती पहिल्या दिवशी भारी मुद्गल देत नाही. हलकी जोडी नीट फिरू लागली की मग पुढची. सायकलवाटेचे शास्त्र यापेक्षा वेगळे नाही. आपण आज कोणती जोडी फिरवतो, हे आधी माहीत हवे.

त्यासाठी घराजवळची एक वाट 'गज' म्हणून धरावी. अमरावतीकरांना वडाळी-छत्री तलावाकडचे चढ आहेत. अकोला सपाट, पण दक्षिणेला पातूरकडे डोंगर सुरू होतात. तिथल्या हमरस्त्यावर ट्रकची वर्दळ असते, म्हणून आडरस्त्याचा चढ शोधावा. त्या वाटेचे अंतर, एकूण चढ, लागलेला वेळ आणि दुसऱ्या दिवशी अंग किती दुखले, हे वहीत लिहावे. नवी वाट ठरवताना तिचे आकडे या गजाशेजारी मांडावेत. चढ गजाच्या दीडपटीपर्यंत असेल तर जायला हरकत नाही. दुपटीच्या पुढे असेल तर मधली एखादी वाट आधी करावी. आणि चढ, जमीन व लांबी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी वाढवू नयेत. एका खेपेला एकच वाढवावी.

चढताना आपण मर्यादेत आहोत की नाही, हे ओळखायला बोलण्याची कसोटी पुरे. एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले तर ठीक. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करावा. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांनी नाडीच्या घड्याळावर भिस्त ठेवू नये. या गोळ्या नाडी संथ ठेवतात, त्यामुळे शरीर थकले तरी आकडा कमीच दिसतो.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

चाळिशीच्या पुढचे आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार यांपैकी काहीही असलेले. चढावर छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असे पूर्वी कधी झाले असेल तर तपासणी होईपर्यंत डोंगर वर्ज्य.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांब चढावर एकदम उतरू शकते. हातपाय कापणे, दरदरून घाम, चिडचिड, भलतेच बोलणे ही लक्षणे. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. साखरेची पुडी स्वतःच्या खिशात असावी, पुढे गेलेल्या मित्राच्या पिशवीत नव्हे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हात पाणी लवकर कमी पडते. कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. त्या दिवसाचा डोस कसा घ्यायचा, हे आधी विचारून ठेवावे.

उन्हाबद्दल वऱ्हाडी माणसाला काय सांगावे! अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मार्च ते जून डोंगरवाटेचा नाद सोडावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. तेव्हाही तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. नुसते पाणी पीत राहण्यापेक्षा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्यावे. मधुमेह्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे. उन्हात कोणी बरळू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजावा, घाम येत असला तरीही. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. आधी शरीर थंड करायचे, मग दवाखान्याकडे पळायचे.

वाट कोणाची आहे?

आपल्याकडे हा प्रश्न अवघडतेच्या हिशोबातच येतो. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. नरनाळ्याचा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ९७० मीटर उंच आणि अकोटचे मैदान तीनशेच्या आसपास, म्हणजे चढ चिखलदऱ्याच्याच तोडीचा. पण तो परिसर अभयारण्यात येतो. पायथ्याच्या शहानूरला वनविभागाच्या परवानगीवाचून पुढे जाता येत नाही. सायकल नेता येईल का, हे जाण्यापूर्वी वनविभागाकडे विचारावे. जंगलातल्या पायवाटेवर मनाने घुसणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय वळणावर आवाज न करता येणारी सायकल आणि पिलांसह असलेले अस्वल समोरासमोर आले तर कुठलाच रंगीत फलक कामाचा नाही. घाटातही सूर्य वर आल्यावर निघावे आणि मावळण्याच्या बराच आधी खाली यावे.

मेळघाटात बऱ्याच ठिकाणी भ्रमणध्वनीला रेंज नसते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे, पण फोन लागला तरच ती येणार. म्हणून वाटेवर कोणत्या गावाजवळ डांबरी रस्ता लागतो, जवळचे ग्रामीण रुग्णालय किंवा आरोग्य केंद्र कुठे आहे, हे नकाशावर आधीच शोधून ठेवावे. एकट्याने जाऊ नये. किमान तिघे असावेत, म्हणजे एकाला लागले तर एक जवळ थांबतो आणि एक मदतीला जातो. घरी वाटेचे नाव आणि परतायची वेळ लिहून ठेवावी. डोके आपटले असेल तर हेल्मेट असले तरी पुढचे चोवीस तास माणसावर लक्ष ठेवावे. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी आली तर लगेच रुग्णालयात न्यावे. एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

जाण्याआधीची चिठ्ठी

हे सगळे एका कागदावर मावते. आदल्या दिवशी या सात प्रश्नांची उत्तरे लिहावीत:

१. एकूण चढ किती मीटर? माझ्या गजाच्या किती पट?
२. सर्वांत उभा चढ आणि सर्वांत उभा उतार कुठे, किती लांब?
३. जमीन कोणती? गेल्या आठ दिवसांत पाऊस झाला का?
४. चढ आधी की उतार आधी?
५. परत फिरायची किंवा रस्त्याला लागायची ठिकाणे कोणती?
६. वाट कोणाच्या ताब्यात? परवानगी घेतली का?
७. पाणी, खाणे, औषधे, साखरेची पुडी कोणाच्या पिशवीत?

यातल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या वाटेची सर्वांत सोपी शाखा निवडावी किंवा पहिल्या दिवशी तिचा पहिला तिसरा हिस्साच करून परतावे. परदेशातल्या केंद्रावर गेलात तरी हेच धोरण ठेवावे. घरी जमत असेल त्यापेक्षा एक रंग खालून सुरुवात करावी. वाट चांगली निघाली तर दुपारी वरचा रंग घेता येतो.

आणि परत फिरायचे ठिकाण घरीच ठरवून जावे. चढावर थकलेला मेंदू 'आता थोडेच राहिले' असे सांगतो आणि बरोबरच्यांपुढे माघार घेण्याची लाज वाटते. घरी खुर्चीत बसून घेतलेला निर्णय तेव्हा कामी येतो. ठरवून परतणाऱ्याची सायकल पुढच्या रविवारी पुन्हा रस्त्यावर दिसते. आपल्याला व्यायाम करायचा आहे तो वर्षानुवर्षे, एका दिवसापुरता नव्हे.